अधिक अडचणीत कोण?

गुरुसिद्धप्पांनी ते काम माझ्यावर सोपवले त्याच दिवशी मी हात जोडून नकार दिला असता, तर चैत्राचे ते तीन आठवडे मला माझ्या पोथ्यांसमवेत शांतपणे घालवता आले असते. परंतु चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला कुणी ‘तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे’ असे म्हटले, की त्याचा विवेक काही काळ रजेवर जातो. माझाही गेला.

गुरुसिद्धप्पा हे नवी पेठेतील कापडाचे व्यापारी. त्यांचे वडील शरणप्पा माघात लिंगैक्य झाले. जाण्यापूर्वी त्यांनी एक कागद लिहून ठेवला होता. शहराच्या पूर्व भागात, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी त्यांची शेड होती. पूर्वी तिच्यात माग चालत, अलीकडे ती कुलूपबंद होती. पोटासाठी दुसऱ्या मुलखातून आलेल्या लोकांच्या मुलांना ही शेड अभ्यासिका म्हणून द्यावी, असे शरणप्पांनी लिहिले होते. येथवर सर्व मंगल होते. पुढे त्यांनी असेही लिहिले होते, की त्या गल्लीत असे दोन समाज राहतात. त्यांची नीट तुलना करावी आणि ज्याची स्थिती अधिक अडचणीची ठरेल त्याच एका समाजाला ती द्यावी. एक वस्तू दोघांच्या हाती दिली, की तिची झाडलोट कुणीच करत नाही, असा त्यांचा व्यापारातला अनुभव होता.

“पण हे समाजशास्त्राचे काम आहे,” मी म्हणालो. “एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकांना सांगावे.”

“प्राध्यापक फॉर्म घेऊन जातो, शास्त्रीजी, आणि फॉर्म बघितला की लोक रडायला लागतात,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “तुमच्यापुढं कोण रडंल? तुम्ही त्यांच्यातले नाही की ह्यांच्यातले नाही. कपाळाला विभूती, तोंडात संस्कृत. तुमच्यापुढं कुणाची खोटं बोलायची छाती होणार नाही. मात्र अक्षय्य तृतीयेपर्यंत निकाल द्या. एक टॉवेलवाला ती शेड गोदामासाठी मागतोय. तुमचं झालं नाही, तर मी त्याला हो म्हणून मोकळा होतो.”

दुसऱ्या दिवशी इष्टलिंगाची पूजा आटोपून, शंभर पानी वही आणि दोन लेखण्या घेऊन मी त्या गल्लीत गेलो. शेडच्या पायरीवर, भिंतीच्या हातभर सावलीत दोन मुली पुस्तके घेऊन बसल्या होत्या. दोघींच्या कानांत सुताच्या गुंत्याचे बोळे होते. मी जवळ जाताच त्यांनी बोळे काढले आणि उठून उभ्या राहिल्या. एकीने आपले नाव अर्शी सांगितले, दुसरीने काव्या. दोघींची नर्सिंगची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती.

“घरात का बसत नाही?” मी विचारले.

“घरात?” अर्शी हसली. “गुरुजी, गल्लीला लागूनच्या शेडांत चोवीस माग चालतात. ऐका की जरा.”

ऐकावे लागत नव्हते. त्या खडखडाटात मला माझाच प्रश्न अर्धा ऐकू आला होता.

“हितं सावली अकरापर्यंतच असते,” काव्या म्हणाली. “मग आम्ही देवळात जातो. तिथं घंटा. मग हिच्या मामूच्या दुकानात जातो. तिथं गिऱ्हाईक. शेड कधी उघडणार ओ, गुरुजी?”

“दोघांपैकी एका समाजासाठी उघडणार आहे,” मी सत्य ते सांगितले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. पुढे अर्शी म्हणाली, “कुणासाठी का असेना, लवकर उघडा. ह्या पोर्शनला माझा अजून हातसुद्धा लागला नाही.”

गल्लीच्या उजव्या हाताला तेलुगू विणकरांची अकरा घरे आहेत. त्यांचे पणजोबा करीमनगरच्या बाजूने आले. डाव्या हाताला दख्खनी बोलणाऱ्या मुसलमानांची अकरा घरे. त्यांचे पूर्वज गुलबर्ग्याकडून आले. दोघेही निजामाच्या राज्यातून निघाले, दोघांनाही दुष्काळाने हाकलले आणि दोघेही गिरणीचा भोंगा ऐकून येथे थांबले. पुढे गिरण्यांचे भोंगे बंद झाले. ही माणसे राहिली. मध्ये सहा हातांचा रस्ता आहे आणि त्यावरून दोन्हीकडचे सांडपाणी एकाच उताराने जाते. एवढे पाहिल्यावर तुलनेचे काम सोपे जाईल, असे मला वाटले होते. त्या वाटण्याची आज मला लाज वाटते.

उजवीकडचे पहिले घर अंबय्यांचे. साठीचे, काटक, मागावर काम करून खांदा एका बाजूला झुकलेले गृहस्थ. त्यांच्या पत्नी नरसम्मा दारातच म्हणाल्या, “या गुरुजी, या. एकच मिनिट थांबा, देवापुढं दिवा लावते.” मी उन्हात थांबलो. यजमानीण आधी दिवा लावते आणि मग अतिथीला आत घेते, हे पाहून मला मनापासून आदर वाटला. आतून काही ओढल्यासारखा आवाज आला. मग मला आत नेऊन एका वेताच्या खुर्चीवर बसवले आणि माझ्यासमोर उभा पंखा लावला. पत्र्याखाली जणू भट्टी पेटली होती. तो वारा मला ईश्वराच्या कृपेसारखा वाटला. तपशिलाची सवय असल्यामुळे मी वहीत लिहिले: ‘वेताची खुर्ची एक. उभा पंखा एक. जाळी तांबड्या सुताने बांधलेली.’

“माग स्वतःचे?”

“आपलेच की. दोन हाईत,” अंबय्या छताकडे पाहत म्हणाले.

“घरात बायका विड्या वळतात?”

“छे छे!” नरसम्मा म्हणाल्या. “आता कुठल्या विड्या, गुरुजी? ते आमच्या सासूच्या काळात. सोडलं सगळं.”

घरात तंबाखूचा उग्र वास भरून राहिला होता. विड्या वळत नाहीत, म्हणजे कुणीतरी ओढत असणार, असा तर्क मी केला आणि व्यसनाच्या रकान्यात खेदपूर्वक नोंद केली. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाचे असे होते. धूर दिसला नाही तरी तो अग्नी शोधून काढतो.

“एकूण स्थिती समाधानाची म्हणायची?”

“लई समाधान,” अंबय्या म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी डावीकडे बोट केले. “खरं म्हणजे पैसा तिकडं हाय, गुरुजी. त्यांची पोरं दुबईला जातात. दिसायला नुसतं असं.”

डावीकडे पहिले घर इमामसाबांचे. सत्तरीचे वृद्ध, एके काळी मागांची दुरुस्ती करणारे कसबी कारागीर म्हणून त्यांची ख्याती होती. घरात मुलगा गुफरान, सून अजीजा आणि नात अर्शी. तेथेही मला दारात थांबवण्यात आले. “मिनिटभर थांबा, गुरुजी, बायकांना जरा पडदा करू द्या,” इमामसाब म्हणाले. प्रत्येक घराची आपली रीत असते, तिचा मान राखावा, म्हणून मी पुन्हा उन्हात उभा राहिलो. आत गेल्यावर मला खुर्ची दिली आणि पंखा लावला. मी लिहिले: ‘वेताची खुर्ची एक. उभा पंखा एक. जाळी तांबड्या सुताने बांधलेली.’

“चिरंजीव काय करतात?”

“गुफरान ट्रान्सपोर्टमध्ये हाय.”

“सून?”

“अजीजा घरातच असते. काम करायची पाळी अल्लानं आणली नाही,” इमामसाब म्हणाले. पडद्यामागून खोकला ऐकू आला. “आमचं सगळं त्याच्या मेहेरबानीनं ठीक हाय. अडचण कुणाला असली तर असंल.” मग तेही पुढे झुकले. “पण खरं सांगू काय? समोरच्यांचं लई भारी चाललंय. त्यांची शाळा हाय, त्यांची बँक हाय, निवडणुकीला त्यांच्या दारात गाड्या लागतात. आमच्या दारात कोण येतंय?”

चार दिवसांत मी बावीस घरे पाहिली. बावीस दारांत थांबलो. कुठे दिवा लावायचा होता, कुठे पडदा, कुठे पोरगे निजवायचे होते. प्रत्येक घर सुखात होते आणि समोरचे घर त्याहून अधिक सुखात होते. स्वतःचे दुःख सांगायला एकही मनुष्य तयार नव्हता. शेजाऱ्याची श्रीमंती मात्र प्रत्येकाला पाठ होती. मी ते सर्व शुद्ध, सुवाच्य अक्षरांत लिहून काढले, तुलनेचा तक्ता आखला, आणि वही घेऊन नवी पेठेत गेलो.

गुरुसिद्धप्पांनी गादीवर बसून वही वाचायला घेतली. दुकानात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती. समोर साड्यांचा ढीग उलगडत होता.

“शास्त्रीजी, ह्यात अडचण कुठाय?” दहा पाने उलटून ते म्हणाले. “सगळेच सुखी. उजवीकडच्यांना तर वर तंबाखूचं व्यसन! पंखा काय, खुर्ची काय. यप्पा, माझ्या घरी वेताची खुर्ची नाही हो.”

ते पाने उलटत राहिले. मग एकाएकी थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. व्यापाऱ्याचे बोट ठाणाचा दोष शोधत फिरावे, तसे त्यांचे बोट माझ्या ओळींवरून फिरू लागले.

“तांबडं सूत,” ते म्हणाले. “हितं तांबडं सूत. हितं पण. हे इमामसाब, तांबडं सूत. ही नरसम्मा, तांबडं सूत. शास्त्रीजी, बावीस घरांत बावीस पंखे, आणि बावीसच्या बावीस जाळ्या तुटल्या, आणि सगळ्यांनी तांबड्या सुतानंच बांधल्या?”

मी माझ्याच हस्ताक्षराकडे पाहत राहिलो. बावीस वेळा मी ते लिहिले होते. बावीस वेळा, काळजीपूर्वक, अनुस्वार चुकू न देता.

दुकानातले दोन नोकर हसले. गुरुसिद्धप्पा आधी हसले आणि मग त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे एकच पंखा तुमच्या पुढं पुढं पळत होता. तुम्ही दारात उभे, आणि मागच्या बोळातून पंखा आत. शास्त्रीजी, तुमच्यासारख्या माणसाला फसवलं त्यांनी! माझ्या वडिलांची जागा मी असल्या खोटारड्यांना देऊ? नको. टॉवेलवाल्याला उद्या बोलावतो.”

“अक्षय्य तृतीयेला अजून नऊ दिवस आहेत,” मी म्हणालो. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला.

“मग नऊ दिवस घ्या. पण ह्या वेळी खरं आणा.”

त्याच दुपारी, पूर्वसूचना न देता, मी गल्लीत गेलो. आयुष्यात इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता. असा संताप लपवता येत नाही, म्हणून पायांनीच व्यक्त होतो. इतक्या वेगाने चाललेला शास्त्री लोकांनी पूर्वी पाहिला नसावा. रिक्षावाले बाजूला होत होते.

नरसम्मा उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पाने, हातात कात्री. त्यांच्यासोबत आणखी तिघी. चौघींची बोटे माझ्याकडे न पाहता विड्या वळत होती. समोर, इमामसाबांच्या दारात, ज्यांना काम करायची पाळी आली नव्हती त्या अजीजा शाळेच्या गणवेशांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेल्या होत्या आणि काज-बटणे करत होत्या. मला पाहताच नरसम्मांकडून सूप दाराआड सरकवण्याचा प्रयत्न झाला.

“राहू द्या!” मी ओरडलो. “ते सूप जागचे हलवू नका. पंखा कुठे आहे?”

नरसम्मांनी मान खाली घालून तिसऱ्या दाराकडे बोट केले. “तिकडं. बाळंतीण हाय.”

“आणि खुर्ची?”

“खुर्ची आमची हाय,” समोरून इमामसाब म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडा अभिमानही होता. “वेत मीच बसवला.”

“तुम्ही माझ्यासमोर असत्य बोललात!” मी म्हणालो. “बावीस घरे! मला त्या दुकानात मान खाली घालावी लागली. माझी फसवणूक झाली याचे मला काही नाही, परंतु तुमची शेड टॉवेलच्या गोदामाला जात आहे. कळले का? तुमचीच मुले उन्हात बसतात आणि तुम्ही मला पंख्याचा वारा घालता!”

नरसम्मांचे डोळे भरले, परंतु त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. “मग काय करायचं होतं आमी? तुमच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. तुमच्यापुढं तंबाखूचं सूप घेऊन बसू? पुढाऱ्याचा माणूस आला असता तर बसले असते, रडले बी असते. दारात गुरुजी आले, अन् त्यांना फाटकं दाखवायचं?”

“त्यापायी मी तुमच्या अकराही घरांत तंबाखूचे व्यसन लिहून आलो!”

अंबय्या आतून बाहेर आले. “काय लिवलं? व्यसन? गुरुजी, मी आयुष्यात विडी ओठाला लावली न्हाय! माझ्या बापानं लावली न्हाय!”

समोर अजीजा तोंडाला ओढणी लावून हसू लागल्या. “अंबय्या चच्चा, अब छुप छुप के पीते सो पकडे गए!”

“तू हस, हस,” नरसम्मा म्हणाल्या. “तुझा नवरा ट्रान्सपोर्टमध्ये हाय नव्हं? सांग की गुरुजींना, कसलं ट्रान्सपोर्ट ते.”

“दुसऱ्याची रिक्षा,” अजीजा म्हणाल्या, आणि त्यांचे हसू गेले.

“मी पहिल्या दिवशीच म्हणत होतो, खरं सांगा म्हणून,” इमामसाब म्हणाले.

“तुमीच म्हणत होता?” नरसम्मा उसळल्या. “अन् खुर्ची कुणी आणून दिली? ‘गुरुजींना जमिनीवर बसवू नका’ कोण म्हणालं?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

मी मध्येच रस्त्यावर, सांडपाण्याच्या रेषेजवळ, सरळ खाली बसलो. माझे धोतर मळेल म्हणून चार जण धावले. मी त्यांना थांबवले आणि म्हणालो, “आता येथूनच विचारतो. खुर्ची नको, दिवा नको, पडदा नको. जे आहे ते सांगा.”

तीन दिवस मी असाच बसलो. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी त्यांनी मला अर्धेच सांगितले, दुसऱ्या दिवशी एकमेकांचे राहिलेले सांगितले आणि तिसऱ्या दिवशी, सवय झाल्यावर, आपापले. उजवीकडे स्वतःचा माग एकाच घरात उरला होता. बाकीचे पुरुष दुसऱ्यांच्या शेडमध्ये बारा-बारा तास उभे राहत. बायकांची पाठ चाळिशीतच वाकते, कारण विडी मान खाली घालूनच वळावी लागते. तरी नऊ घरे मालकीची होती, समाजाची शाळा होती, अडीअडचणीला पत्र लिहून देणारा कुणी मोठा माणूस समाजात होता. सहा मुली बारावी झाल्या होत्या. डावीकडे दहा घरे भाड्याची, आणि घरमालक बदलला की पाटी बदलावी तशी माणसे बदलत. तेथील मुलींचे शिक्षण उर्दू शाळेचे वर्ग जेथे संपतात तेथेच संपे. पुढची शाळा दूर होती, वाट दोन मोठे रस्ते ओलांडून होती. अर्शी ही त्या बाजूची बारावी झालेली पहिली मुलगी. दुबईला गेलेला मुलगा सगळ्या बाजूत एकच होता. तो सहा महिन्यांत परत आला होता आणि त्याविषयी कुणी बोलत नसे.

मी बोटभर फरकाने निकाल लिहिला: डावीकडील समाज अधिक अडचणीत. लिहिताना काव्या शेजारी बसून अर्शीला प्रश्न विचारत होती, उत्तर चुकले की तिच्या दंडाला चिमटा काढत होती. मी तो निकाल दोन्ही बाजूंना आधी वाचून दाखवला, कारण पाठीमागे लिहिण्याचा मला कंटाळा आला होता. अंबय्या खांदा अधिकच झुकवून मागावर निघून गेले. काव्याने विचारले, “म्हणजे मला आत येता येणार नाही?” मी वही मिटली. अर्शीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला परीक्षा घेणारीची वाटली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी गुरुसिद्धप्पांच्या दुकानात सर्वांना बोलावले होते. इमामसाब स्वच्छ टोपी घालून आले, सोबत अर्शी. साक्षीला म्हणून अंबय्याही आले आणि त्यांच्याबरोबर काव्या. गुरुसिद्धप्पांनी माझा अहवाल वाचला आणि प्रथमच समाधानाने मान हलवली. “हे खरं दिसतंय,” ते म्हणाले, आणि शेडची किल्ली इमामसाबांच्या हाती दिली. मग त्यांनी मोठ्या उत्साहाने नोकराकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फलक मागवला. निकाल मी तोंडी कळवताच त्यांनी तो रंगवून घेतला होता. ‘अधिक अडचणीत असलेल्या मुस्लिम समाजाच्या मुलांसाठी. लिं. शरणप्पा यांच्या स्मरणार्थ.’ अक्षरे ठळक होती, निळ्यावर पिवळी.

इमामसाबांनी ती ओळ सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली. हातातली किल्ली त्यांनी गादीवर ठेवली.

“नको, शेठ.”

“काय नको?”

“हे गल्लीच्या तोंडावर लागणार. सोयरीक करायला येणारे हेच वाचत आत येणार. माझी नात ह्याच्या खालून जाणार. नको.”

गुरुसिद्धप्पा माझ्याकडे पाहू लागले, जणू फलक मीच रंगवला होता. मग ते अंबय्यांकडे वळले. “ठीक. मग तुम्ही घ्या. फरक बोटभराचाच आहे म्हणतात शास्त्रीजी. समाजाचं नाव बदलून देतो.”

“आमी काय भिकारी हाय?” अंबय्या म्हणाले.

माझा संयम तेथे सुटला. “अरे, काय चालले आहे हे!” मी म्हणालो. साडी पाहणाऱ्या बायका थबकल्या. “एक जण म्हणतो आम्ही सुखी, पैसा समोर आहे. समोरचा म्हणतो आम्ही सुखी, पैसा त्यांच्याकडे आहे. खरे बाहेर काढायला मी तीन दिवस सांडपाण्याशेजारी बसलो. आता खरे लिहिले, तर ते वाचायला नको! गुरुसिद्धप्पा, फलकावर हे लिहिण्याची गरज काय होती?”

“वडिलांच्या कागदात लिहिलंय.”

“कागदात द्यायचे लिहिले आहे. रंगवायचे लिहिलेले नाही!”

“दान दिलं ते कुणाला दिलं, हे लोकांना कळायला नको?” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “फलक लागणार. फलक नाही तर शेड नाही. टॉवेलवाला खाली बसलाय, शास्त्रीजी. माझा त्रास वाढवू नका.”

इमामसाब उठले. अंबय्याही उठले. दोघे एकमेकांना वाट देत, ‘चला, तुमी पुढं’, ‘नाही, तुमी’ करत पायरीपाशी अडकले. अडचणीत असताना एवढा शिष्टाचार मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अर्शी मात्र जागची हलली नाही. ती गादीजवळ गेली आणि तिने किल्ली उचलली.

“अर्शी!” इमामसाब म्हणाले. “रख दे वो.”

“नक्को, दादा. परीक्षेला बारा दिवस राहिलेत. फलक माझं पुस्तक वाचणार हाय काय? मी फलकाकडं बघणारच नाही. तुम्ही पण बघू नका.”

“लोक बघतात, बेटी.”

“लोकांना बघू द्या. पायरीवर कानात बोळे घालून बसलेली मला रोज बघतातच की लोक. तवा कुठं अब्रू गेली आपली?”

इमामसाब पायरीवर तसेच उभे राहिले, आणि त्यांचा हात अंबय्यांच्या झुकलेल्या खांद्यावर गेला, आधारासाठी.

अर्शी गुरुसिद्धप्पांकडे वळली. “शेठ, एक विचारू? आमच्याकडं पाहुणे आले, तर त्यांना आत बसवलं तर चालतंय ना?”

“पाहुण्याला कोण नाही म्हणतं?” गुरुसिद्धप्पा म्हणाले. लिंगायत व्यापाऱ्याच्या गादीवर दुसरे उत्तर संभवतच नव्हते. ते देऊन झाल्यावर पाहुणे म्हणजे कोण, ते त्यांच्या लक्षात आले.

“मग झालं. चल गं,” अर्शी काव्याला म्हणाली, आणि दोघी रिक्षा न करता उन्हातून चालत निघाल्या.

अक्षय्य तृतीयेला शेड उघडली. झाडलोट त्याच दोघींनी केली. फलकही लागला, गुरुसिद्धप्पांनी स्वतः येऊन खिळे ठोकून घेतले आणि वडिलांच्या नावाने कापूर लावला. इमामसाब त्या वेळी नमाजाला गेले होते आणि अंबय्यांना मागावरून सुटी मिळाली नव्हती, असे मला सांगण्यात आले. त्यावर विश्वास ठेवणे मी आता सोडले आहे. पहिल्या आठवड्यात डावीकडची सात मुले आली आणि उजवीकडचे नऊ पाहुणे. पाहुणे रोज येतात, वेळेवर येतात.

त्यानंतर एक नवीच कटकट सुरू झाली. ज्या दोरीवर गल्लीतले ओले टॉवेल वाळत घालतात, ती दोरी कुणीतरी शेडच्या कपाळावरून नेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फलकावर टॉवेल लोंबत असतात. पहिली ओळ पूर्ण झाकली जाते, खाली तेवढे शरणप्पांचे नाव मोकळे राहते. दोरी कुणी बांधली, ते उजवीकडचे डावीकडे बोट दाखवून सांगतात आणि डावीकडचे उजवीकडे.

गुरुसिद्धप्पा दर सोमवारी दूरध्वनी करतात. “शास्त्रीजी, फलक दिसत नाही म्हणतात लोक. तुमचं ऐकतील ते. जाऊन सांगा की जरा, दोरी दुसरीकडं बांधा म्हणून.”

“सांगतो,” मी म्हणतो.

असा मी त्या गल्लीत तीनदा जाऊन आलो. दोन वेळा अर्शी आणि काव्या मान खाली घालून वाचत होत्या, म्हणून बोललो नाही. तिसऱ्या वेळी नरसम्मांनी मला दोरीखाली सावलीत बसवले आणि सूप मांडीवर घेऊन माझ्यासमोर निवांतपणे विड्या वळू लागल्या. टॉवेलांतून थेंब माझ्या वहीवर पडत होते. मी वही बाजूला सरकवली.